गोधडीखाली निवलेल्या प्लेटा

मेहुण्याने घोळ्याची दोन बोटं मोडली ती कारखान्याच्या फाटकासमोर, भर दुपारी, आणि कोणी मधे पडलं नाही.

मधे कोण पडणार? मेहुण्याचा धंदा जुन्या इमारती पाडायचा. लोखंडी घण त्याच्या हातात खुळखुळ्यासारखा दिसायचा. आणि त्याची बहीण जाऊन आठवडाही झाला नव्हता. ती कशी गेली हे फाटकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून सगळे खाली मान घालून उभे राहिले. घोळ्या ओरडला तेव्हा पहारेकरी फाटकाची कडी पुसायला लागला.

कारखान्यात जाड प्लॅस्टिकच्या प्लेटा व्हायच्या. यंत्रांच्या तोंडावर बसवायच्या, आतून काही उडालं तर माणसाला लागू नये म्हणून. त्या प्लेटेचा गुण एकच, ती फुटायची नाही. घण मारा, खळगा पडेल, खळग्यात ती पांढरी होईल आणि घण परत फेकून देईल. मेहुण्याची बहीण चुरायंत्रावर होती. टाकाऊ तुकडे यंत्राच्या तोंडात घालायचे, आत पाती फिरतात, खालून चुरा पडतो. त्या तोंडावरसुद्धा कारखान्याचीच प्लेट होती. आतल्या पात्याचा बोल्ट तुटला आणि प्लेटेवर आदळला. प्लेटेने तो परत आत फेकायला हवा होता. ती मडक्यासारखी फुटली आणि तिचा तिकोनी तुकडा बाईच्या गळ्यात गेला. ती गळा धरून भिंतीपर्यंत चालत गेली, भिंतीला पाठ लावून बसली, आणि प्रेसवरच्या काकू पोचेपर्यंत संपली.

तिचा नवरा वरच्या मजल्यावर तपासणीच्या खोलीत असायचा. प्लेटांचे काप काढून भिंगाखाली बघायचं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला भिंगवाला म्हणायचे. त्याला खाली बोलावलं तेव्हा त्याच्या हातात चहाचा पेला होता. तो पेला घेऊनच तो जिना उतरला आणि बराच वेळ तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

आता तो खिडकीतून घोळ्याला मार खाताना बघत होता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

कारण घोळ्याबद्दल सगळ्यांची एकच समजूत झाली होती. प्लेट दोन पॉलिमरची. एक कडक, एक मऊ. कडक प्लेटेला ताठ ठेवतो, मऊ मार सोसतो. दोघांचे दाणे पिंपात घालून घोळवायचे हे घोळ्याचं काम, नावही त्यावरूनच पडलेलं. मऊ दाणा महाग, आणि घोळ्याने नेमकी त्याच सुमारास नवी सायकल घेतली होती. एवढं पुरलं. मऊ दाणा विकला, पिंपात कमी घातला, म्हणून प्लेट फुटली. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती जीभ सगळ्यांनी एकदम लावली की ते खरंच वाटायला लागतं.

मेहुणा जिना चढून वर आला. हाताला घोळ्याच्या नाकाचं रक्त होतं. ते त्याने दाराच्या पडद्याला पुसलं.

"दाजी, फुटलेली प्लेट तुमच्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग बघा तुमच्या त्या काचेत. मऊ कमी आहे एवढं मला सांगा. त्याला मी घेऊन चाललोय, आम्ही तो जुना बर्फाचा कारखाना पाडतोय ना, तिथं. संध्याकाळपर्यंत या."

"आणि कमी नाही निघालं तर?"

मेहुणा पडदा सोडून वळला. हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

"निघेल," तो म्हणाला. "तुम्ही आला नाहीत तर निघालं असं समजेन. तुम्हाला तोंडाने बोलायचाही त्रास नको."

खाली गाडीचा आवाज झाला. घोळ्याला मागच्या फळीवर टाकलं होतं, पाडलेल्या दारं-खिडक्यांच्या बाजूला, तसाच एखादा सामानाचा नग असल्यासारखा.

भिंगवाल्याने कपाट उघडलं. गळ्यातला तुकडा पोलिसांनी नेला होता, बाकीची प्लेट त्याच्याकडे होती. एका कडेला रक्त वाळून काळं झालं होतं. ती कड त्याने पुसली नाही. तुकडा चिमट्यात धरून दुसऱ्या टोकाकडून कापला.

आधी वजनाची परीक्षा. थोडा भाग किसून त्याने अशा द्रावकात ठेवला, ज्यात मऊ पॉलिमर विरघळतो आणि कडक तसाच मागे राहतो. गाळलं, खाली उतरलेलं मऊ वाळवलं, वजन केलं. जेवढं मऊ असायला हवं तेवढं होतं. उलट चिमूटभर जास्तच.

त्याने पुन्हा केलं. दुसऱ्या वेळेला त्याच्या हातांनी लबाडी करायचा प्रयत्नसुद्धा केला, गाळताना थोडं सांडायला बघितलं. तरी आकडा तोच. घोळ्याने पिंपात काही कमी घातलं नव्हतं. भिंगवाल्याने काचेचं भांडं उचललं आणि भिंतीवर फोडलं. मग दुसरं फोडलं. तिसरं हातात घेतलं आणि थांबला, कारण उरलेलं काम याच हातांनी करायचं होतं.

त्याने पातळ काप काढला आणि भिंगाखाली ठेवला. त्या भिंगाला वर आणि खाली दोन खास काचा होत्या. त्या एकमेकींना आडव्या फिरवल्या की उजेड बंद, फक्त स्फटिक तेवढे चमकतात. चांगल्या प्लेटेचा काप बारीक वाळूसारखा दिसतो. हा तसा नव्हता. मोठमोठी गोल चक्रं, एकमेकांना भिडलेली, प्रत्येकाच्या मधोमध काळी फुली. एवढे मोठे स्फटिक त्याने या कारखान्यात कधी बघितले नव्हते. दिसायला सुंदर होते, आणि त्याचा त्याला राग आला.

वितळलेले असताना हे दोन पॉलिमर एकाच घरात नांदतात. निवायला लागले की कडक जिथे-तिथे स्फटिक धरतो आणि तो स्फटिक चहूकडे पसरतो. त्याला आत परकं माणूस नको असतं. मऊ वाटेत आला की त्याला पुढे रेटतो. प्लेट झटपट निवली तर रेटायला वेळ मिळत नाही, मऊ जागच्या जागी अडकतो आणि मार आला की तोच सोसतो. पण सावकाश निवली तर स्फटिक ऐसपैस वाढतो, मऊला ढकलत ढकलत हद्दीवर नेतो, आणि दोन स्फटिकांच्या मधल्या फटीत तो सगळा गोळा होतो. मग ती हद्द म्हणजे आधीच पडलेली भेग, फक्त आवाज व्हायचा बाकी. बोल्ट आदळल्यावर प्लेट अशाच हद्दीहद्दीने फाटत गेली होती. कापाच्या कडेला ते स्पष्ट दिसत होतं.

म्हणजे घोळ्या नाही. कोणीतरी प्लेट सावकाश निववली होती.

पण कोणी आणि कशाला? प्रेसमधून निघालेल्या प्लेटा सिमेंटच्या फरशीवर उभ्या करून मोठ्या पंख्याखाली निववायच्या हा कारखान्याचा पहिल्यापासूनचा रिवाज. भिंगवाल्याने तुकडा उलटा केला आणि दिव्यासमोर तिरपा धरला. मागच्या बाजूला पुसटशा रेघा होत्या. रेघा नाहीत, टाके. कापडाचे धावते टाके, रांगेने, गरम प्लॅस्टिकवर दाबून उमटलेले. एका जागी रांग वळली होती, आणि त्या कोपऱ्यावर तीन टाके वेगळे पडले होते, चिमणीच्या पायाच्या ठशासारखे.

तो स्टुलावर बसला.

आईबाप लवकर गेल्यावर त्याच्या बायकोने धाकट्या भावाला वाढवलं होतं. तेव्हा तो काडीसारखा होता, म्हणून ती त्याला चिमण्या म्हणायची. त्याच्यासाठी तिने जुन्या कपड्यांची गोधडी शिवली आणि प्रत्येक कोपऱ्यावर चिमणीचा पाय काढला. चिमण्याचा पुढे बैल झाला, गोधडी त्याच्या गुडघ्यापर्यंतच पुरायला लागली, तेव्हा ती बहिणीबरोबर तिच्या सासरी आली आणि नवराबायकोच्या पायांवर पडू लागली.

थंडी सुरू झाली तेव्हा ती गोधडी दिसेना. त्याने विचारलं होतं.

"गोधडी कुठे गेली गं?"

"कामाला लावलीय."

"गोधडी कुठे कामाला लागते का?"

"घरातल्या सगळ्यांनी काम करायला पाहिजे. तुम्ही सोडून."

तो हसला होता आणि विषय संपला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तो खाली प्रेसच्या शेडमध्ये गेला. काकू प्रेसचा दांडा ओढत होत्या. त्याला बघून त्यांनी पदराने तोंड पुसलं. मोठा पंखा बंद होता. कोपऱ्यात प्लेटांची थप्पी होती, आणि प्लेटांच्या मधे मधे पोती, एक जुना पडदा, दोन घोंगड्या. सगळ्यांत वर ती गोधडी.

"काकू, ही कधीपासून?"

"कसली?"

"काकू."

त्यांनी दांडा सोडला. "प्लेटा वाकत होत्या रे. पंख्याकडची बाजू आधी आखडते, मग प्लेट परातीसारखी होते. मुकादम त्यांचे पैसे माझ्या नावावर मांडायचा. वाकलेल्या प्लेटा परत तुझ्या बायकोकडे चुऱ्याला. ती म्हणाली, काकू, गरम अंगाला एकदम वारा लागला तर माणूससुद्धा आखडतं, यांना पांघरूण घाला. आणि घरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, पाण्यासारख्या सपाट. एक वाकली नाही." त्या थांबल्या. "किती हसली होती. म्हणाली, यांना सांगू नका, त्यांना वाटेल माझं डोकं त्यांच्यापेक्षा चालतं."

"चुरायंत्राच्या तोंडावरची प्लेट यांतलीच होती?"

"पहिलीच. तिनेच बसवून घेतली. कशी चपखल बसली म्हणाली." काकूंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग थप्पीकडे. "का रे? का विचारतोस?"

त्याने गोधडी ओढून काढली. खालची प्लेट अजून गरम होती, तिचा चटका तळहाताला बसला. तेवढ्यात मुकादम धावत आला.

"अहो, झाका ते. निवू द्या. वाकल्या तर गिऱ्हाईक परत पाठवतं."

"या फुटतात. सपाट निवलेल्या सगळ्या फुटतात. तिच्या गळ्यात गेली ती अशीच."

"पण मिश्रण तर..."

"मिश्रण बरोबर आहे. निवणं चुकलंय. किती गेल्या बाहेर?"

"गेल्या बऱ्याच. आता काय परत मागवायच्या? बोल्ट काय रोज तुटतो का?"

भिंगवाल्याने आयुष्यात कोणावर हात टाकला नव्हता. आपण मूठ वळतो तेव्हा अंगठा बाहेर ठेवायचा असतो हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याने मुकादमाच्या तोंडावर ठोसा मारला, मुकादमाचा दात आणि त्याचा अंगठा एकदमच हलला. मुकादम फरशीवर बसला आणि ओठ चाचपायला लागला. काकू वळल्या. त्यांनी पंखा चालू केला.

भिंगवाल्याने आदल्या दिवशी निवलेल्या थप्पीतली एक सपाट प्लेट काढली. चुऱ्यासाठी पडलेल्या जुन्या मालातली एक वाकलेली उचलली. दोन्ही दोरीने पाठीला बांधल्या, तुकडा खिशात टाकला आणि निघाला. रस्त्यावर दिवे लागायच्या बेताला होते. तो जवळजवळ पळतच होता. आपण गप्प बसलो की मेहुणा त्याचा अर्थ काय लावणार, हे त्याला पावलागणिक आठवत होतं.

बर्फाचा कारखाना अर्धा पाडून झाला होता. छप्पर गेलं होतं, खांब उभे होते. आतल्या एका खांबाला घोळ्या बांधलेला होता, गाड्या ओढायच्या जाड दोरखंडाने. एक डोळा पुरता मिटला होता. मोडलेली बोटं त्याने छातीशी धरायचा प्रयत्न केला होता, पण दोर पोचू देत नव्हता. समोर मेहुणा विटांच्या ढिगावर बसला होता, मांडीवर घण.

"दाजी, बरं झालं आलात. कबूल केलंय त्याने."

"काय कबूल केलं?"

"विचारा की त्यालाच."

"मीच विकलं," घोळ्या म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द ओले येत होते. "मऊ दाणा. पोतीच्या पोती विकली."

"कुणाला?"

घोळ्याने विचार केला. उघड्या डोळ्याने आधी मेहुण्याकडे बघितलं, मग भिंगवाल्याकडे.

"तुम्ही म्हणाल त्याला."

मेहुणा उठला. "ऐकलंत? आता हात ठेवायचे त्याचे या दगडावर. दोन्ही. पुन्हा कुठलं पिंप घोळवायला नकोत. नंतर पुढचं बघू."

"थांब. मिश्रण बरोबर होतं."

"दाजी, तो कबूल झालाय."

"तू माझी बोटं मोडलीस तर मीसुद्धा कबूल होईन. चंद्र विकला म्हणेन." भिंगवाल्याने पाठीवरच्या प्लेटा सोडल्या. वाकलेली प्लेट दोन विटांवर आडवी ठेवली. "या दोन्ही त्याच्याच पिंपातल्या. मार हिला."

मेहुण्याने घण डोक्यावर नेला आणि घातला, जसा तो भिंतीला घालायचा तसा. प्लेट दणकली. घण उसळून त्याच्या हातातून सुटला आणि मागे खांबावर आदळला, घोळ्याच्या कानाजवळ. घोळ्याने डोळा मिटून घेतला. प्लेटेच्या मधोमध पांढरा खळगा पडला होता. तडा नव्हता.

"आता ही."

सपाट प्लेट पहिल्याच घावाला फुटली. आवाज कोरडा आला, हाड मोडल्यासारखा. तुकडे चारी बाजूंना उडाले. एकाने मेहुण्याची भुवई चिरली, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने ते पुसलं नाही. पायाजवळच्या तुकड्यांकडे बघत राहिला.

"दोन्हींत मऊ सारखंच," भिंगवाला म्हणाला. "ही पंख्याखाली निवली. ही पांघरुणाखाली. सावकाश निवली की आत स्फटिक मोठे होतात आणि मऊला बाहेर काढतात. मग ती अशी फुटते. घोळ्याचा यात काडीचा संबंध नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तुझी."

"मग चोर कोण?"

भिंगवाला वाकून प्लेटांची दोरी गुंडाळायला लागला.

"कोणीतरी पांघरूण घातलं असेल ना? प्लेटा काय स्वतः उठून पांघरूण घेतात? नाव सांगा, दाजी."

मुकादमाचं नाव जिभेच्या टोकावर होतं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं आणि त्याने ते चालू दिलं होतं. दात तर हललेलाच होता. एक नाव घेतलं की घोळ्या सुटला, तिचं नावही कधी निघालं नसतं. पण हा बैल तसाच मुकादमाच्या घरी गेला असता आणि त्याच्या बायकापोरांसमोर त्याला मारून आला असता, आणि मग तो फासावर, तेही बहिणीसाठी. काकूंचं नाव? काकूंचं तर मनातसुद्धा धरवेना.

त्याने खिशातून तुकडा काढला, उलटी बाजू वर करून मेहुण्याच्या हातात दिला.

उजेड कमी होता. मेहुण्याने तुकडा डोळ्याजवळ नेला. मग अंगठा फिरवला. टाक्यांच्या रांगेवरून अंगठा गेला, कोपऱ्यावर वळला आणि तीन टाक्यांवर थांबला. अंगठ्याला ते डोळ्यांच्या आधी कळलं. लहानपणी झोप येईपर्यंत त्याचा अंगठा त्याच जागी असायचा.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"तुला माहीत आहे."

"मी विचारतोय हे काय आहे."

"तिने घरून नेली. प्लेटा वाकू नयेत म्हणून. काकूंच्या नावावर मांडत होते, ते तिला बघवेना. चांगल्यासाठीच केलं. तिला काय माहीत आत काय वाढतंय. वरून सपाट दिसत होत्या."

पहिला फटका त्याच्या कानाखाली बसला. घणाचा नव्हता, हाताचा होता, पण तो पडला. मेहुण्याने त्याला कॉलरला धरून उठवलं.

"परत बोला."

"तिच्या गोधडीने झालं."

या वेळी गुडघा बरगडीत गेला. आत काहीतरी मोडलं, त्याला ते ऐकू आलं.

"मेलेल्या बाईच्या माथी मारता? स्वतःच्या बायकोच्या?"

"तिच्या गोधडीने झालं, चिमण्या."

ते नाव ऐकून मेहुण्याचं डोकं फिरलं. त्याने त्याला विटांच्या ढिगावर आपटलं, वर बसला, आणि दोन्ही हातांनी मारू लागला. तोंडावर, छातीवर, जिथे बसेल तिथे. भिंगवाला हात वर करत नव्हता. श्वास मिळाला की तेच वाक्य बोलायचा, मिळाला नाही की ओठ हलवायचा. मागून घोळ्या ओरडायला लागला.

"सोड त्यांना. अरे मी म्हणतोय ना मी विकलं. मी विकलं ते मऊ. मला मार. सोड त्यांना, मरतील ते."

मेहुण्याचा हात वरच राहिला. तो वळून घोळ्याकडे बघू लागला. ज्याची बोटं त्याने मोडली होती, ज्याचा डोळा त्याने मिटवला होता, तो माणूस सुटका समोर आलेली असताना पुन्हा तीच खोटी चोरी कबूल करत होता.

"तू विकलंस?" मेहुण्याने विचारलं. आवाज बारीक निघाला.

"नाही रे," घोळ्या म्हणाला. "सायकल सासऱ्यांनी दिली."

मेहुणा बाजूला झाला आणि विटांवर बसला. भुवईतलं रक्त हनुवटीवरून शर्टावर ठिबकत होतं. मग त्याने उठून दोर सोडला. गाठ त्यानेच मारलेली, पण त्याला ती सुटेना. शेवटी दाताने ओढली.

"अशा किती आहेत?" त्याने भिंगवाल्याला विचारलं.

"बाहेर गेल्यात त्या परत आणाव्या लागतील. कुठल्या यंत्रांवर बसल्यात कोण जाणे. त्यांच्यासमोरही कोणीतरी उभं असणार." बोलताना बरगडी टोचत होती. "गोदामात आहेत त्या आज फोडता येतील."

तिघं गाडीत बसले. घोळ्याला मेहुण्याने उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, या खेपेला माणसासारखं. दवाखान्यात बोटं बांधून घेतली, बरगड्यांना पट्टा मारला. डॉक्टरने विचारलं, काय झालं. घोळ्या म्हणाला, भिंत पडली. डॉक्टरने मेहुण्याकडे बघितलं आणि मान डोलावली, भिंत दिसतेच आहे म्हणाला.

कारखान्याचं गोदाम काकूंनी उघडून दिलं. मुकादम आडवा यायला निघाला होता, पण घण बघून बाजूला उभा राहिला आणि मालकांना फोन लावायला लागला. लावू दे. मालक येईपर्यंत मेहुण्याने कामाला सुरुवात केली होती.

भिंगवाला प्लेट उचलून दिव्यासमोर तिरपी धरायचा. मागे कापडाचा ठसा असला की विटांवर ठेवायचा. मेहुणा घालायचा. प्लेट फुटायची. पुन्हा ठेवायचा, पुन्हा फुटायची. गोदामात तुकडे उडत होते, भिंतीवर आपटत होते, मेहुण्याचे दंड कापले जात होते. तो थांबत नव्हता, बोलत नव्हता, नुसता हुंकार देत होता, आणि तो रडतोय की मारतोय हे कोणाला सांगता आलं नसतं. काकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. गोधडीची घडी त्यांच्या काखेत होती. मालक आले, दोन घाव बघितले, आणि आल्या पावली मागे फिरले.

शेवटची एक उरली. थप्पीत ती सगळ्यांत वर असणार, कारण तिच्यावर ठसा पुरता उमटला होता. टाक्यांच्या रांगा, ठिगळांच्या कडा, आणि चारी कोपऱ्यांवर चिमणीचे पाय. गोधडीच जणू प्लॅस्टिकची होऊन बसली होती.

मेहुण्याने घण उचलला आणि तो तसाच खांद्यावर राहिला.

"ही नको, दाजी."

"ही पण."

"एक राहू दे. यंत्रावर नाही लावायची. घरी ठेवतो मी. भिंतीला. कोणाला काय होणार आहे भिंतीवर?"

भिंगवाल्याला ती हवी होती. मेहुण्यापेक्षा जास्त हवी होती. रोज सकाळी उठून अंगठा फिरवता आला असता. पण त्याला या कारखान्याची आणि जगातल्या सगळ्या घरांची रीत माहीत होती. भिंतीवरची वस्तू कधीतरी खाली उतरते, आणि एवढी सपाट, एवढी चांगली प्लेट पडून आहे म्हणून कोणीतरी ती उचलून नेतो आणि चपखल बसवतो.

"गोधडी आहे," तो म्हणाला. "ती तू ने. ती तुझीच आहे. ही फोडायची."

"माझ्याने नाही होणार."

भिंगवाल्याने त्याच्या खांद्यावरचा घण घेतला. तो एवढा जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पट्ट्याखाली बरगडी सरकली, डोळ्यांसमोर अंधारी आली, घण गुडघ्याच्या वर जाईना. त्याने पाय फाकले, अंगठा या खेपेला बाहेर ठेवला, आणि पाठीतून, पोटातून, जिथून मिळेल तिथून जोर गोळा करून घातला.

प्लेट फुटली. फार मोठा आवाज झाला नाही.

तो घणाच्या दांड्यावर टेकून उभा राहिला. मेहुणा भिंतीकडे तोंड करून होता. काकूंनी गोधडी त्याच्या पाठीवर टाकली, ती खांद्यांनाच पुरली.

घोळ्या पायांनी तुकडे बाजूला सारत आत आला. बांधलेला हात छातीशी होता. त्याने सगळीकडे बघितलं.

"झाडू कुठे असतो इथे?" तो म्हणाला. "कोणाच्या तरी पायात जातील हे."